सागाची तोड करताना पोकळ-वाळकी झाडं उभी ठेवली तर नुकसान नक्की किती?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. किनवट तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खालचा तुकडा कापूस-सोयाबीनचा, वरचा मुरमाड माळ. त्या माळावर वडिलांनी नव्वदच्या दशकात साग लावला. त्याआधीपासूनची जंगली झाडंही तिथं आहेत: मोह, सालई, मोई, पळस, धावडा आणि काही जुने साग. आता भावाभावांत वाटणी व्हायची आहे, धाकट्याच्या मुलीचं शिक्षण तोंडावर आहे, म्हणून साग विकायचं ठरलंय. व्यापारी माळ फिरून गेला. सौदा उक्ता. "एवढे घ्या, सगळं रान साफ करून देतो" असं म्हणाला.

माझं अडलंय ते 'सगळं रान साफ' या शब्दांवर. जुन्या पोकळ मोहात दरसाल राखी धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर दिवसभर उंबराची-पिंपळाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. पलीकडं एक वाळकी सालई आहे, तिला वरपासून खालपर्यंत सुतारपक्ष्यांनी भोकं पाडलीत. त्यातल्या एकात पोपट, एकात पिंगळ्याचं जोडपं. ही झाडं राखावीत असं मला मनापासून वाटतं.

भावांचा विरोध नाही. पण मोठ्यानं विचारलेला प्रश्न रास्त आहे: "राख, पण आपण किती रुपये सोडतोय ते सांग." इथं शेतकरी, वखारवाले, वनखात्यातले लोक आहेत. भावनेचं उत्तर माझ्याकडं आहे, हिशेबाचं हवंय.

वखार_नांदेड

दादा, आमच्या घरात हा धंदा आजोबांपासून आहे, त्यामुळं व्यापाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

आम्ही गोल लाकूड चौथाईच्या हिशेबानं मोजतो. खोडाचा मधला घेर इंचात घ्यायचा, त्याला ४ नं भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, लांबी फुटात गुणायची आणि १४४ नं भागायचं. आले घनफूट. ४० इंच घेर, १२ फूट लांबी असेल तर १० चा वर्ग १००, गुणिले १२, भागिले १४४, म्हणजे सव्वाआठ घनफुटाच्या थोडं वर. तेवढ्याच लांबीचा ६० इंची नग पावणेएकोणीस घनफूट भरतो. घेर दीडपट झाला की माल सव्वादोनपट. वर जाड मालाचा घनफुटाचा दरही चढा असतो, कारण त्यातून चौकटीचा, फळीचा रुंद माल निघतो.

आता पोकळ झाड. ६० इंची पोकळ मोह कागदावर पावणेएकोणीस घनफूट. पण आम्ही कुऱ्हाडीच्या पाठीनं बुडाशी ठोकतो. आवाज बद्द आला की ते झाड घनफुटातून बाद, क्विंटलच्या भावानं जळाऊ धरायचं. त्यातून तोडाई, तुकडे पाडायची मजुरी, माळावरून गाडीपर्यंत ओढायचा खर्च आणि भाडं वजा करा. वाट अवघड असेल तर कधीकधी हातात काहीच उरत नाही. तरी आम्ही ते तोडतो, कारण उक्त्यात 'साफ' म्हणून शब्द दिलेला असतो आणि मालकाला रान मोकळं हवं असतं.

म्हणून माझा सल्ला एकच. त्याच व्यापाऱ्याकडून दोन भाव मागा. एक सगळ्या झाडांचा, दुसरा तुम्ही खुणा केलेली झाडं सोडून. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचं नुकसान. बाकी सगळी चर्चा अंदाजाची.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. वाळका सागवान राखायचा म्हणाल तर फरक मोठा येईल. साग उभ्यानं वाळला तरी त्याचा गाभा वर्षानुवर्षं टिकतो, आणि वाळलेला माल रंधायला लगेच घेता येतो. सौदा करताना आमची नजर आधी त्याच्यावरच जाते.

पैनगंगाकाठ

दोन भावांची कल्पना फार कामाची. आजवर कोणी सुचवली नव्हती. वाळका सागही आहे एक, तो सुद्धा राखायचा विचार होता.

जुना_वनपाल

वाळक्या सागाबद्दल वखारवाले भाऊ बोलले ते खरं आहे, त्याला जुना आधारही आहे. ब्रह्मदेशात इंग्रजांच्या काळी सागाची झाडं तोडायच्या दोन-तीन वर्षं आधी बुडाशी गोल खाच पाडून उभ्यानंच वाळवत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो, आणि सगळी वाहतूक नदीतून असे. म्हणजे सागाच्या बाबतीत उभं वाळलेलं झाड टाकाऊ नसून तयार माल आहे. युरोप-अमेरिकेतल्या लेखांत वाळकी झाडं 'फुकटात' राखता येतात असं वाचायला मिळतं. तिथले वृक्ष वेगळे, तिथं मेलेलं झाड लवकर किडतं. सागाला तो हिशेब जसाच्या तसा लावू नका.

सरकारी जंगलात झाडं राखून तोड करणं आपल्याकडं नवीन नाही. मध्य प्रांताच्या जुन्या कार्य आयोजनांमध्ये (जंगलातल्या कामाच्या लेखी आराखड्यांमध्ये) 'कॉपिस विथ रिझर्व्ह' नावाची पद्धत होती. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायचं, खुंटांना फुटवे येऊ द्यायचे, पण मोह, टेंभुर्णी, चारोळी अशी फळझाडं आणि काही चांगली बीजझाडं राखायची. उद्देश बी, फळ आणि उताराची माती सांभाळण्याचा. पक्ष्यांचा विचार त्यात नव्हता. पोकळ, वाकडी, रोगट झाडं मात्र आम्हीच आधी काढायचो. जंगलाची सफाई म्हणजे चांगलं व्यवस्थापन असं शिकवलेलं होतं. आता शास्त्र पुष्कळ पुढं गेलंय.

कायद्याचं सांगतो. १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा महाराष्ट्राचा अधिनियम आहे, त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, ऐन, हळदू वगैरे आहेत. यांना परवानगी लागते. सालई-पळस त्या यादीत नाहीत. वाळलेल्या, रोगट, वाऱ्यानं पडलेल्या झाडाला परवानगी सहज मिळते. त्यामुळं होतं असं की ज्या झाडात सर्वांत जास्त जीव राहतात तेच कागदोपत्री सर्वांत आधी निघतं. तुमच्या मालकी प्रकरणात (स्वतःच्या जमिनीवरची झाडं तोडायच्या परवानगीच्या अर्जात) ही झाडं यादीतच घालू नका, म्हणजे पुढचा प्रश्न मिटला.

आणि शेजारचं रान आदिवासी खातेदाराचं असेल आणि एकत्र सौदा करायचा असेल तर थांबा. त्यांच्या झाडांची विक्री १९६९ च्या वेगळ्या कायद्याखाली येते, व्यापाऱ्याशी परस्पर व्यवहार चालत नाही.

परभणी_ते_पोर्टलंड

मी मूळचा परभणीचा, नोकरीनिमित्त ओरेगन राज्यात आहे. इथं खाजगी कंपन्या डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची सरसकट तोड करतात, एका वेळी शंभरेक एकरदेखील. तरी तोडलेल्या डोंगरावर मधेमधे उंच वाळके बुंधे उभे दिसतात. आधी वाटलं चुकून राहिले. नंतर कळलं की कायदाच आहे. २५ एकरांहून मोठी सरसकट तोड केली की एकरी सरासरी २ झाडं, वाळकी किंवा हिरवी, किमान ३० फूट उंच आणि ११ इंच व्यासाची, उभी सोडायची. शिवाय एकरी २ ओंडके जमिनीवर पडू द्यायचे.

हा विचार मूळ धरू लागला तो १९८० नंतर. त्या वर्षी १८ मे रोजी शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला. वनशास्त्रज्ञ जेरी फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की राखेखाली गेलेलं रान अपेक्षेपेक्षा लवकर सावरतंय. कारण स्फोटानं सगळं पुसलं नव्हतं. मेलेले बुंधे, पडलेले ओंडके, बिळातले जीव, मुळं मागं राहिली होती आणि नवीन रान त्यांच्या आधारानं उभं राहत होतं. सरसकट तोडीत नेमकं हेच पुसलं जातं. मग तोडीतही काही मागं ठेवायचा विचार पुढं आला. १९९४ च्या इथल्या वायव्य वन योजनेत सरकारी जंगलाच्या तोडीसाठी १५ टक्के क्षेत्र राखायची अट होती.

स्वीडनमध्ये १९९३ च्या वन कायद्यानं लाकूड उत्पादन आणि पर्यावरण ही दोन्ही उद्दिष्टं बरोबरीची ठरवली. तिथं एक युक्ती करतात ती मला आवडते. यंत्रानं झाड बुडाशी न कापता तीन-चार मीटर उंचीवर कापतात आणि खालचा बुंधा मुद्दाम मरायला उभा ठेवतात. खोडाचा सर्वांत महाग भाग बुडाचाच असतो, म्हणून यंत्रचालक बुडाशी कुजलेलं झाड निवडतो, ज्याचा बुंधा तसाही कागदाच्या लगद्यातच गेला असता. नुकसान जवळजवळ नाही, भुंगेरे आणि सुतारपक्ष्यांना मात्र घर मिळतं.

मुद्दा असा की खर्च 'किती झाडं राखली' यापेक्षा 'कोणती राखली' यावर ठरतो.

माजलगावकर

माफ करा, मी उलटं बोलणार हाय. मपल्या उसात हुमणीनं दोन हंगाम वाट लावली. बांधावरच्या लिंबावर आन बाभळीवर पहिला पाऊस झाला की भुंगेऱ्याचे थवेच्या थवे. झाडं ठेवा म्हणायला सोपंय, हुमणी तिथंच येते की.

मराठासुतार

माजलगावकर भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. पण त्याचा उपायही त्याच झाडाखाली आहे. हुमणी म्हणजे त्या भुंगेऱ्यांचीच अळी, ती झाडात वाढत नाही. ती जमिनीत, उसाच्या मुळांवर आणि न कुजलेल्या शेणखतात वाढते. पहिल्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून निघतात आणि दिवे लागणीच्या सुमाराला लिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला आणि मीलनाला जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून पाडायचे, गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. मादीनं जमिनीत अंडी घालायच्या आत हे करायचं, आणि सगळ्या शिवारानं मिळून करायचं, एकट्यानं भागत नाही. झाड तोडलं तर भुंगेरे शेजाऱ्याच्या झाडावर जातील आणि अंडी तुमच्याच रानात येतील.

त्या भुंगेऱ्यांवर रात्री ताव मारणारा पिंगळा राहतो ढोलीत. संध्याकाळी बांधावर उभं राहून बघा, खांबावरून झेप घेतो, भुंगेरा पायात धरतो आणि पंखांची टरफलं खाली टाकतो. गव्हाणी घुबडाचं अन्न म्हणजे प्रामुख्यानं उंदीर. मलेशियात तेलताडाच्या मळ्यात उंदरांसाठी घुबडांच्या पेट्या बसवतात. तिथं पेटीवर पैसे खर्च करावे लागतात, कारण मळ्यात जुनं पोकळ झाडच शिल्लक नाही.

धागाकर्त्यांना एक सांगायचं आहे. माझ्या आयडीचं नाव ज्या पक्ष्यावरून आहे तो मराठा सुतार, शास्त्रीय नावातही 'महाराटेन्सिस'. आपल्या उघड्या, काटेरी, विरळ रानाचा हा पक्षी. हा भोक पाडतो ते मऊ, कुजायला लागलेल्या लाकडात. सागाचा वाळलेला गाभा त्याच्या चोचीला फार कठीण. सालई, मोई, पांगारा, सावर, शेवगा अशी मऊ लाकडाची मेलेली झाडं किंवा जिवंत झाडाची मेलेली फांदी त्याला हवी. त्यानं भोक पाडलं की पुढच्या साली तिथं साळुंकी, मग पोपट, कधी नीलकंठ. यांना स्वतःला भोक पाडता येत नाही, दुसऱ्यानं सोडलेलं घर लागतं. हुदहुद, पिंगळा यांचंही तेच.

म्हणजे तुमच्या माळावर हिशेब आणि पक्षी एकाच बाजूला आहेत. वाळका साग व्यापाऱ्याला द्या, वाळकी सालई राखा. सालईला वखारीत विचारतं कोण?

वखार_नांदेड

सालई पेट्यांना, खोक्यांना जाते थोडीफार, पण वाळून किडलेली कोणी उचलत नाही. सुतारताई/दादा बरोबर बोलले.

हिशेबनीस (लातूर)

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. मोठ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर देताना दोन प्रकारची राखलेली झाडं वेगळी करायला हवीत, नाहीतर हिशेब फसतो.

पहिला प्रकार सरळ, निरोगी सागाचा. हा राखला तर उद्या जास्त पैसे देईल असं पुष्कळ जण म्हणतात. वखारवाल्यांचंच उदाहरण घेऊ. ४० इंची साग ६० इंची झाला तर माल सव्वादोनपट. समजा तुमच्या मुरमाड माळावर त्याला २० वर्षं लागली, तर वाढ वर्षाला साधारण ४ टक्के पडते. तेच पैसे ८ टक्क्यांनी ठेवले तर ९ वर्षांतच दुप्पट होतात. जाड मालाचा चढा दर धरला तरी ही दरी भरून निघेलच असं नाही. त्यात वणवा, चोरी, वादळाची जोखीम. म्हणून चांगला साग राखणं हा खरा खर्च आहे आणि तो तसा मान्य करूनच राखावा. मुलीच्या शिक्षणाला आज पैसे लागत असतील तर आजच्या रुपयाचं वजन आणखी जास्त.

दुसरा प्रकार पोकळ, वाकड्या, दुबेळक्याच्या झाडांचा. इथं आजच सोडायचे पैसे शून्याजवळ आहेत, त्यामुळं व्याजाचा प्रश्नच येत नाही. शून्यावर कितीही टक्के धरा.

मधला प्रकार जिवंत मोह आणि चिंचेचा. इथं उभं झाड दरवर्षी काही देतं. मोहाची फुलं, टोळंबी, तेल. आमच्याकडं लातूर-धाराशिव-बीड भागात चिंचेची झाडं दरसाल उक्ती फळावर देतात. तरी घरात लग्न निघालं की शंभर वर्षांची चिंच वीटभट्टीला जाते. एकदाच मिळणाऱ्या रकमेकडं बघून दरवर्षीचं उत्पन्न मोडलं जातं. हा तोट्याचा सौदा असल्याचं तिथं कागदावर मांडून दाखवता येतं. आमच्या जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे. बांधावरची झाडं हेच आमचं जंगल, म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

जाता जाता: झाड कधी तोडावं याचं गणित जर्मन वनाधिकारी फाउस्टमान यांनी १८४९ मध्ये मांडलं. त्यात फक्त लाकडाची किंमत होती. १९७६ मध्ये रिचर्ड हार्टमन यांनी त्यात उभ्या झाडाचा दरवर्षीचा फायदाही धरला, आणि निष्कर्ष निघाला की तो फायदा पुरेसा असेल तर तोड लांबवणं किंवा कधीच न तोडणं हाच आर्थिकदृष्ट्या बरोबर निर्णय ठरू शकतो. पोकळ मोहाला हे तंतोतंत लागू पडतं: लाकडाची किंमत नाही, वाढ नाही, पण फूल चालू आहे.

कयाधूची_लेक

सगळं वाचलं. एक माणूस या हिशेबात आलंच नाही, म्हणून लिहिते.

आमच्या कळमनुरी भागात वाळकं झाड उभं राहतच नाही. कारण ते कुणाचं तरी सरपण असतं. गॅस घरोघरी आलाय, पण सिलिंडर संपला की भरायला पैसे नसतात, मग चूल पेटते. बाया पहाटे माळावर जातात, वाळक्या फांद्या तोडतात, मोळी बांधतात. ओलं तोडलं तर गुन्हा, वाळकं नेलं तर कोणी बोलत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तुम्ही पक्ष्यांसाठी सालई राखाल आणि पुढच्या उन्हाळ्यात ती मुळासकट गेलेली असेल. त्याला चोरी म्हणू नका.

अमेरिकेत राखलेल्या झाडाची किंमत कंपनी मोजते. आपल्याकडं ती किंमत सरपणवाल्या बाईच्या डोक्यावर जाते, हे आधी मान्य करा. मग उपाय आहे. तोडीनंतर सागाच्या शेंड्या, फांद्या, डहाळ्यांचा ढीग पडतो. व्यापारी तोही जळाऊ म्हणून ट्रकमध्ये भरतो. सौद्यातच लिहून घ्या की मनगटापेक्षा बारीक सगळं माळावरच राहील आणि वस्तीतल्या बायांना ते न्यायची मुभा आहे. आणि राखलेली झाडं कोणती, का राखलीत, हे त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. धनेशाची मादी ढोलीत बसते हे त्यांना तुमच्याआधी माहीत असेल. मान मिळाला तर त्याच राखण करतील.

पैनगंगाकाठ

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वस्ती आमच्या माळाला लागूनच आहे, कोलामांची. तिथल्या एक आजी मोह वेचायला येतात. बोलतो त्यांच्याशी.

जुना_वनपाल

कयाधूताईंच्या मुद्द्याला जोडून मोहाबद्दल. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. आगी लागण्याचं ते मोठं कारण आहे. पोकळ झाडाच्या बुडाला आग लागली की आतून धुराड्यासारखं जळतं, विझवता येत नाही. फेब्रुवारीतच झाडाभोवती चार-पाच हात रुंद जागा झाडून घ्या, पाला लांब टाका. खाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तर फूलही स्वच्छ मिळतं, पेटवायचं कारण राहत नाही.

तोड केल्यावर शेंड्यांचा ढीग राखलेल्या झाडाच्या बुडाशी लावू नका. मजूर सावली बघून तिथंच ढीग लावतात.

माजलगावकर

मराठासुतार, भुंगेरे गोळा करायचं पटलं. गावात बोलून बघतो, औंदा पाऊस पडला की. पन एक विचारतो, वाळकं झाड कुनाच्या अंगावर पडलं तर? जबाबदार कोन?

परभणी_ते_पोर्टलंड

महत्त्वाचा प्रश्न. इथं लाकूडतोड्यांना सर्वांत जास्त भय याचंच. नियम असा आहे की धोकादायक झाडाला खूण करायची आणि त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात काम सुरू करायचं नाही, किंवा आधी ते झाड काढायचं. त्यामुळं इथले अनुभवी लोक एकेकटी झाडं विखरून राखण्याऐवजी पुंजका राखतात. वाळकं झाड मधे, भोवती हिरवी झाडं. मजूर त्या पुंजक्यात शिरतच नाही. वारा अडतो, झाड लवकर कोसळत नाही. ओढकामाची वाट एकदाच वळवावी लागते. नवीन रोपांवर सावलीही एकाच जागी पडते, सगळ्या रानभर नाही. त्याच संख्येची झाडं विखरून राखली तर मजुरी वाढते, पुंजक्यात राखली तर फारशी वाढत नाही.

मराठासुतार

पुंजका चांगलाच. फक्त पायवाट, गोठा, विजेची तार यांच्याजवळचं वाळकं झाड राखायच्या फंदात पडू नका, ते द्याच. मेलेली उंच फांदी धोकादायक वाटली तर तेवढी फांदी उतरवून बुंधा ठेवता येतो, स्वीडनवाल्या युक्तीसारखा. दोन पुरुष उंचीचा बुंधा सुद्धा पिंगळ्याला चालतो.

आणि वेळ. सुतार फेब्रुवारीपासून घरट्याला लागतात, धनेश मार्च-एप्रिलमध्ये बसतात. जमलं तर तोड जानेवारीअखेर संपवा. शेजारचं झाड कोसळताना ढोलीचं झाड हादरलं तरी मादी आत अडकलेली असते, तिची पिसंही त्या काळात गळलेली असतात, तिला उडताच येत नाही.

बियाणेवाली_जालना

इथं आमच्याकडं कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट असतात. फुलोऱ्यात मधमाशीच्या पेट्या भाड्यानं आणाव्या लागतात, कारण रानात माशी उरली नाही. सातेरी माशी पोळं बांधते ते अंधाऱ्या पोकळीत, म्हणजे झाडाची ढोली, नाहीतर वारूळ. पोकळ झाड हे आमच्यासाठी न मागता मिळालेली पेटी आहे. हिशेबनीस सरांनी हाही रुपया जमेत धरावा. भाड्याची पावती माझ्याकडं दरसाल येते.

हिशेबनीस (लातूर)

जरूर धरायला हवा. अडचण एवढीच की झाड एकाच्या माळावर आणि माशी दहा जणांच्या शेतात. ज्यानं राखलं त्याला पैसे मिळत नाहीत, ज्याला फायदा झाला तो देत नाही. म्हणून असली झाडं सगळीकडून जातात. ज्या झाडाचं लाकूडमोल शून्याजवळ आहे ते निदान स्वतःच्या खर्चानं राखता येतं. चांगला साग समाजासाठी राखावा असं शेतकऱ्याला सांगायचं असेल तर समाजानं त्याचे पैसे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैनगंगाकाठ

मंडळी, काय झालं ते सांगतो.

व्यापाऱ्याला पुन्हा माळावर नेलं. राखायच्या झाडांना आधीच चुन्याचे पट्टे मारले होते. पोकळ मोह, सालई, एक दुबेळक्याचा धावडा आणि त्यांच्यामधली काही हिरवी झाडं, त्यात दोन बरे साग. सगळे एका ओघळीच्या काठानं, दोन पुंजक्यांत. वाळका साग मनावर दगड ठेवून दिला. त्याला दोन भाव विचारले. पट्ट्याची झाडं वगळून आलेला आकडा पूर्ण सौद्यापेक्षा दोन टक्क्यांहूनही कमी खाली होता, आणि त्यातलेही बहुतेक पैसे त्या दोन बऱ्या सागांचेच. मोह आणि सालई सोडल्याचे त्यानं काहीच कापले नाहीत. उलट ओघळीच्या पलीकडून ओंडका ओढायचा त्रास वाचला म्हणाला.

जळाऊ सोडायला मात्र तो तयार नव्हता. शेंड्या-फांद्या माळावर ठेवायच्या तर वेगळे पैसे कापणार म्हणाला, आणि ती रक्कम राखलेल्या झाडांपेक्षा मोठी निघाली. कयाधूताई, तुम्ही म्हणालात तेच खरं ठरलं. आमच्या माळावर खरी किंमत सरपणाचीच आहे. भावांशी बोललो. मोठा म्हणाला, "बायांचं सरपण विकून आपण काय मोठे होणार?" ते पैसे तिघांनी सारखे सोडले.

आजींना झाडं दाखवली. त्यांनी आणखी एक दाखवलं जे माझ्या नजरेतून सुटलं होतं: बुडाशी फट असलेला जुना साग, आत पोयाच्या माशांचं (बारीक, डंख न मारणाऱ्या मधमाशांचं) पोळं. खुंटाएवढाच उरलाय तो, त्यालाही पट्टा मारला.

वखार_नांदेड

छान झालं. आता कागद नीट करा. चुना पहिल्या पावसात जातो, म्हणून छातीच्या उंचीवर आणि बुडाशी, अशा दोन ठिकाणी ऑइलपेंटचा पट्टा मारा. बुडाचा पट्टा यासाठी की झाड चुकून गेलं तर खुंटावर पुरावा राहतो. करारात राखलेल्या प्रत्येक झाडाची जात, घेर आणि नंबर लिहा, आणि नंबरचं झाड पडलं तर चांगल्या सागाच्या घनफुटाच्या दरानं भरपाई, पोकळ असलं तरी. हे कलम असलं की मुकादम मजुरांना स्वतः बजावतो. शेवटचा हप्ता रान फिरून खुंट मोजल्यावरच घ्या.

जुना_वनपाल

आणि मालकी प्रकरणाच्या यादीत मोह आणि ते राखलेले साग आलेत का ते अर्ज देण्याआधी एकदा तपासा. गावकामगार तलाठ्यानं सातबाऱ्यावरची झाडांची नोंद जशीच्या तशी उतरवली तर ते आपोआप येतात. एकदा पासिंगचा हातोडा, म्हणजे वनखात्याचा मंजुरीचा शिक्का, बसला की व्यापारी म्हणेल, परवानगी तर आहे.

पैनगंगाकाठ

आलेत. आत्ताच यादी काढून बघितली, मोहाचा नंबर त्यात आहे. उद्या तलाठी कार्यालयात जाऊन दुरुस्त करून घेतो.